संचारबंदी उठल्यावर पोरांकडे बघा

वरणगावातल्या आणि भुसावळ-मुक्ताईनगर पट्ट्यातल्या आईबापांसाठी, शिक्षकांसाठी, आणि ज्यांच्या घरात लहान पोर नाही पण गल्लीत आहे अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. विषय दंगलीचा आहे. पहिला दगड कोणी मारला, वाद कशावरून पेटला, हे मी इथे बोलणार नाही. तो हिशेब पोलीस करतात, न्यायालय करतं, आयोग करतो, आणि त्याला वर्षं लागतात. पोरांना तेवढा वेळ नसतो. त्यांची सहामाही तोंडावर असते, पाढे अर्धे राहिलेले असतात आणि रात्री झोप लागत नसते.

आपल्या खानदेशाला हा विषय परका नाही. ७ मे १९७० ला भिवंडी पेटली आणि दुसऱ्याच दिवशी जळगाव पेटलं. एकट्या जळगावात चाळीसहून जास्त माणसं गेली. पुढे न्यायमूर्ती मादन आयोगाने त्याची चौकशी केली. धुळ्यात ६ जानेवारी २०१३ ला मच्छीबाजारात हॉटेलच्या बिलावरून निघालेली कुरबुर दंगलीपर्यंत गेली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण मेले. त्या दिवशी पहिलीत असलेलं पोर आज मतदार झालं आहे. त्यानंतर मार्च २०२० मध्ये रावेर, मार्च २०२३ मध्ये पाळधी, त्याच वर्षी जूनमध्ये अमळनेर, आणि २०२४ साल संपलं त्या रात्री पुन्हा पाळधी. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांत जखमींचा आकडा आला, जळालेल्या दुकानांचा आणि वाहनांचा आला, अटकेतल्या माणसांचा आला. किती पोरं किती दिवस शाळेत गेली नाहीत, हा आकडा मात्र मला कुठे वाचायला मिळाला नाही.

जगभर बघायचं तर युनिसेफने २०२४ च्या डिसेंबरात सांगितलं की ४७ कोटींहून जास्त मुलं संघर्षाच्या प्रदेशात राहतात. म्हणजे दर सहा मुलांमागे एकाहून जास्त. हा आकडा गाझा, सुदान, युक्रेन अशा ठिकाणांचा आहे आणि आपल्या दोन दिवसांच्या दंगलीची त्याच्याशी बरोबरी मी करणार नाही. पण रात्री अंथरुणात आईचा पदर घट्ट धरून पडलेल्या सात वर्षांच्या पोराला हा फरक कळत नाही. त्याने खिडकीतून धूर पाहिलेला असतो, ओळखीच्या काकांना पळताना पाहिलेलं असतं, आणि बाबा घाबरलेत हे पहिल्यांदा पाहिलेलं असतं.

वरणगावची आणखी एक बाजू आहे. १९६४ पासून इथे आयुध निर्माणी आहे. बंदुकीची काडतुसं इथे बनतात. ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेला. निर्माणीच्या वसाहतीत देशाच्या कानाकोपऱ्यातली कुटुंबं राहतात, गावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत सैन्यात गेलेल्यांची घरं आहेत. मे २०२५ मध्ये सीमेवर तोफा चालल्या तेव्हा घराघरांतला टीव्ही रात्रभर सुरू होता. पडद्यावर स्फोट दिसत होते, निवेदक ओरडत होते, आणि त्याच खोलीत खाली अंथरुणावर पोरं जागी होती. म्हणून मी म्हणतो की हा विषय दंगल झालेल्या गावापुरता नाही. आपल्या गावात दगड पडला नाही तरी भीती दारातून आत येते.

मला जे सांगायचं आहे ते थोडकं आहे. अशा काळातून गेलेली बहुतेक मुलं सावरतात, आणि सावरतात ती दोन गोष्टींच्या बळावर. रोजचा दिवस पुन्हा रोजच्यासारखा सुरू होणं, आणि एक मोठं माणूस शांतपणे त्यांच्याजवळ टिकून राहणं. पहिली गोष्ट शाळा देऊ शकते. दुसरी गोष्ट तुम्ही-मी देऊ शकतो. दोन्हीला सरकारी मंजुरी लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही.

हे आजचं शोधून काढलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी १९४१ मध्ये हॅम्पस्टेड भागात युद्धातल्या मुलांसाठी पाळणाघरं काढली. तिथे त्यांनी मुलांना रोज जवळून पाहिलं आणि लिहून ठेवलं. त्यांच्या लक्षात आलं की आई जवळ असेल आणि ती शांत असेल तर मूल बॉम्बचा आवाजही बरंच सोसून नेतं. ज्या मुलांना सुरक्षित जागी पाठवायचं म्हणून आईपासून एकदम तोडलं गेलं, ती जास्त खचली. आपल्याकडे गडबड झाली की पहिली सूचना हीच येते की पोरांना मामाच्या गावाला पाठवून द्या. जिवाला खरोखर धोका असेल तर पाठवाच. पण आई किंवा आजी, कुणीतरी आपलं त्यांच्यासोबत जाऊ द्या, रोज फोनवर बोला, आणि परत कधी आणणार ते मुलाला आधी सांगा. आणि परिस्थिती निवळली की लवकर आणा.

याहून मोठा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून लाखो माणसांना सायबेरियात आणि मध्य आशियात नेऊन टाकलं. तिथल्या थंडीत आणि उपासमारीत कितीतरी मेले. जे वाचले त्यातले काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले. जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला पोलिश मुलांसाठी छावणी उघडली, आणि १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे इथे मोठी वसाहत उभी राहिली. जवळपास पाच हजार पोलिश माणसं तिथे १९४८ पर्यंत राहिली. त्यात बायका आणि मुलंच जास्त होती. कित्येक मुलांनी आईबाप वाटेत गमावलेले. पुढे बालाचडीची छावणी बंद झाली तेव्हा तिथली मुलंही वळिवड्यालाच आली.

वळिवड्याच्या त्या छावणीत काय काय होतं ते बघा. राहायला साध्या बराकी होत्या. पण प्राथमिक शाळा होती, माध्यमिक शाळा होती, स्काउटची पथकं होती, नाटकं होती, गाणं होतं, चर्च होतं. परकी हवा, परकं पाणी, जवळ पैसा नाही, आणि देश नकाशावर राहील की नाही याची खात्री नाही. तरी त्या माणसांनी मुलांचे वर्ग भरवले, मुलांची भाषा शिकवली, परीक्षा घेतल्या. युद्ध संपेपर्यंत थांबू आणि मग शिकवू, असं ती माणसं म्हणाली नाहीत. त्यातली मुलं पुढे जगभर पांगली, संसाराला लागली, आणि म्हातारपणी कोल्हापूर बघायला परत आली. वॉर्सा शहरात आज कोल्हापूरचं स्मारक आहे. ज्यांना पाच वर्षं आसरा दिला त्यांनी ते नाव इतकी दशकं जपलं. पोलिश माणसं गेल्यावर त्याच बराकींमध्ये फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं आली आणि आजचं गांधीनगर त्यातून उभं राहिलं. एकाच जागेने दोन वेळा परक्यांची पोरं वाढवली. कोल्हापूरला हे जमलं तर आपल्या तालुक्याला आपल्याच गावातली पोरं सांभाळणं जड जाऊ नये.

आता घरातलं सांगतो. मुलाला जे झालं ते खरं सांगा, त्याच्या वयाला पेलेल एवढंच सांगा. "काही झालं नाही, झोप" असं म्हटलं की त्याला कळतं की मोठी माणसं खोटं बोलतायत, आणि मग ते विचारणंच बंद करतं. "गावात भांडण झालं, काही लोकांना लागलं, आता पोलीस आहेत, आज रात्री मी आणि तुझी आई घरातच आहोत" एवढं पुरे. पुन्हा कधीच असं होणार नाही, असा शब्द मात्र देऊ नका. तो तुमच्या हातात नाही, आणि तो मोडला तर तुमच्या सगळ्याच शब्दांवरचा विश्वास जातो. घरातलं कुणी गेलं असेल तर "बाबा गावाला गेलेत" म्हणू नका. मूल दाराकडे डोळे लावून बसतं आणि वाट बघत राहतं. गेले म्हणजे आता परत येणार नाहीत, हे जवळ घेऊन सांगावं लागतं. एकदा सांगून भागत नाही. तेच पोर तोच प्रश्न पुन्हा विचारेल, पुन्हा तितक्याच मायेने सांगा.

लहान पोर अशा वेळी मागे जातं. पाच वर्षांचं पोर पुन्हा अंथरूण ओलं करतं, अंगठा चोखतं, आईला संडासालाही जाऊ देत नाही. त्याला मारू नका, लाज वाटेल असं चारचौघांत बोलू नका. थोडी मोठी पोरं पोटात दुखतं म्हणतात, डोकं दुखतं म्हणतात, शाळेला जायच्या वेळी हमखास. ते नाटक नसतं, भीती पोटातच बसलेली असते. कधी पोरं दंगलीचाच खेळ खेळतात. एक पोलीस होतो, एक दगड मारतो, एक मरून पडतो. आया हे बघून घाबरतात आणि खेळ बंद पाडतात. बंद पाडू नका. शेजारी बसा, आणि खेळ त्याच त्याच जागी अडकून पोरं जास्तच घाबरत असतील तर विचारा, "आता याला दवाखान्यात कोण नेणार? ॲम्ब्युलन्स कोण होणार?" खेळाला पुढे वाट मिळाली की मनालाही मिळते.

टीव्ही बंद करा. हे मी सल्ला म्हणून सांगत नाही, विनवणी करतो. मोठ्यांना बातमी हवी असेल तर दिवसातून एकदा, पोरं नसताना बघा. तेच जळतं दुकान दहा वेळा दाखवलं तर चार वर्षांच्या पोराला दहा दुकानं जळाल्यासारखं वाटतं. मोबाइलचं तर विचारूच नका. आणि एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो, रडणाऱ्या, जखमी किंवा घर जळालेल्या पोराचा व्हिडिओ पुढे पाठवू नका. कळवळ्याने पाठवत असाल तरी पाठवू नका. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी ते पोर उद्या दहावीत जाईल, कॉलेजात जाईल, आणि तो व्हिडिओ त्याच्या मागे येईल.

आता शाळा. संचारबंदी उठली की पहिल्या दिवशी शाळा उघडा, एक तास का होईना. धडा नाही शिकवला तरी चालेल. हजेरी घ्या आणि कोण आलं नाही ते नीट बघा, कारण खरी माहिती गैरहजेरीच्या रकान्यात असते. दुपारी दोन शिक्षकांनी मिळून न आलेल्या पोरांच्या घरी जावं, जमल्यास एक मराठी शाळेचा आणि एक उर्दू शाळेचा. गल्लीतून हे दोघे एकत्र चालत गेले तर अख्खी गल्ली ते बघते. वर्गात "तुझ्या घराला काय झालं सांग बरं" असं सगळ्यांसमोर विचारू नका. ज्याला बोलायचं आहे त्याला चित्र काढू द्या, लिहू द्या, किंवा मधल्या सुटीत जवळ येऊन बोलू द्या. ज्याला बोलायचं नाही त्याला गप्प राहू द्या. दुःख उकरून काढल्याने मन मोकळं होतं हा समज चुकीचा आहे, जबरदस्तीने काढलेलं बोलणं उलट त्रास देतं. गृहपाठ काही दिवस कमी करा. पाठांतर राहत नाही म्हणून रागावू नका, घाबरलेल्या डोक्यात पाढे टिकत नाहीत. पोराला छोटं काम द्या, घंटा वाजवायचं, फळा पुसायचं, झाडांना पाणी घालायचं. आपल्यावाचून इथे काही अडतं, ही जाणीव त्याला पुन्हा उभं करते. आणि खिचडी सगळ्यांना एका पंगतीत वाढा. ती पंगत मोडू देऊ नका.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. तिथल्या छात्रालयात ते मुलांसोबत राहत. मुलांसाठी हाताने लिहिलेलं 'छात्रालय दैनिक' काढत, म्हणजे रोज स्वतःच्या अक्षरात लिहून मुलांपुढे ठेवत. ज्या माणसाने पुढे आंतरभारतीचं स्वप्न बघितलं, त्याचं काम एका खोलीत, काही मुलांच्या उशाशी बसून सुरू झालं होतं. त्याच अमळनेरला २०२३ मध्ये संचारबंदी बघावी लागली याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या शाळांनी तेच हस्तलिखित पुन्हा काढावं. भिंतीवर लावायचा एक कागद पुरे, मराठीत, उर्दूत, लेवा गणबोलीत, तडवी पोरांच्या बोलीत. आज आमच्या गावात काय चांगलं झालं, एवढं एक सदर त्यात ठेवा. मुलं शोधत फिरतील आणि त्यांना ते सापडेल.

एका पोराबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. दंगलीनंतर धरपकड होते. काही जणांना अटक होते, काही जण घर सोडून पळतात. त्यांच्या घरात पोरं असतात. बापाने काय केलं किंवा केलं नाही याचा निकाल लागायला वर्षं जातात, पण पोराचा निकाल वर्गात दुसऱ्याच दिवशी लागतो. कुणी त्याच्याजवळ बसत नाही. कुणी त्याच्या बापाचं नाव घेऊन टोमणा मारतो. घरात कमावतं माणूस नसतं, आई कोर्टाच्या आणि वकिलाच्या चकरा मारते, आणि थोरली मुलगी शाळा सोडून धाकट्यांना सांभाळते. ती मुलगी पुढे शाळेत परत येत नाही. दुसऱ्या बाजूला ड्युटीवर दगड लागून जखमी झालेल्या शिपायाचंही पोर असतं. पोलीस लाइनीत राहणारं, बाबा रात्री परत येतील की नाही म्हणून जागं राहणारं. या दोन्ही पोरांनी काहीही केलेलं नाही. तुमच्या मनात त्यांच्या बापांविषयी काहीही असो, पोराच्या डब्यात पोळी आहे का, वही आहे का, हे बघायला आपण बांधील आहोत. तुमच्या जातीचं, तुमच्या धर्माचं असेल तरच बघणार असाल तर या आवाहनाचा काही उपयोग नाही.

ज्यांची घरं जळाली किंवा जे नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी गेले, त्यांच्या मुलांचं शिक्षण कागदांपायी अडतं. ते अडू देऊ नका, कारण कायदा तुमच्या बाजूला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मध्ये शाळा सुटली असेल तरी त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि राहिलेलं भरून काढायला खास शिकवायचं, असंही तोच कायदा सांगतो. दाखले जळाले तरी मुलाची नोंद सरकारी ऑनलाइन प्रणालीत असते, जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन केला तर ती सापडते. ग्रामीण भागातल्या बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे. दहावी-बारावीचा पेपर गोंधळात बुडाला तर मंडळाची पुरवणी परीक्षा असते, त्यामुळे वर्ष गेलं असं समजून पोराला कामाला लावू नका. बाप किंवा आई गेली असेल तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात, त्यासाठी जळगावला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करावा लागतो. नागरी अशांततेत सापडलेलं मूल हे बाल न्याय अधिनियमाप्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल ठरतं. म्हणजे बालकल्याण समितीकडे त्याच्यासाठी दाद मागता येते. हे अर्ज लिहायला गावातल्या शिकलेल्या माणसांनी मदत करावी. निवृत्त कारकून, बँकेतली माणसं, निर्माणीतून निवृत्त झालेली माणसं यांच्याइतकं हे काम कुणाला येत नाही.

मोठ्या पोरांचं वेगळं आहे. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा रडत नाही, तो चिडतो. रात्री उशिरापर्यंत बाहेर राहतो, मोबाइलवर तेच व्हिडिओ बघतो, बदल्याची भाषा बोलतो. त्याला व्याख्यान दिलं तर तो उठून जाईल. त्याला काम द्या. लहान पोरांना गणित शिकवायला बसवा, म्हाताऱ्यांची औषधं आणायला पाठवा, जळालेल्या घरातलं सामान हलवायला न्या. हातात खरं काम आलं की राग त्यात जिरतो. आणि एक सरळ गोष्ट त्याला सांगा. आपल्याकडची कितीतरी पोरं पहाटे उठून पोलीस भरतीसाठी आणि सैन्य भरतीसाठी पळतात. नावावर गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत घोडं अडतं, मग धावण्याची वेळ कितीही चांगली असो. ज्यांनी त्याला पुढे ढकललं ते त्या दिवशी त्याच्यासोबत नसतील.

बहुतेक मुलं काही आठवड्यांत निवळतात. महिना उलटला तरी झोप नाही, जेवण नाही, शाळेचं नाव काढलं की थरथर कापतं, फटाका वाजला की पलंगाखाली जातं, किंवा मरणाची भाषा बोलतं, तर डॉक्टर गाठा. मरणाची भाषा असेल तर महिनाभर थांबूही नका, त्याच दिवशी जा आणि पोराला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा क्रमांक आहे, मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. मुलाला कुणी त्रास देत असेल, मूल हरवलं असेल, एकटं पडलं असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. बाबा-महाराज, दर्गा, उतारा यांनी मनाला धीर येत असेल तर तुमची श्रद्धा, पण त्यात दिवस घालवून डॉक्टरकडे जाणं लांबवू नका.

कुणी म्हणेल, दूरच्या पोरांचं काय? काश्मीरचं, मणिपूरचं? मणिपूर ३ मे २०२३ पासून पेटलं आणि साठ हजारांवर माणसं घरं सोडून गेली. कित्येक पोरांचं शिक्षण छावण्यांत झालं किंवा झालंच नाही. त्यांच्यासाठीही करता येतं, आणि मराठी माणसांनी केलेलं आहे. नगर जिल्ह्यातला अधिक कदम नावाचा तरुण पुण्यात शिकत असताना १९९७ मध्ये काश्मीरला गेला, तिथली अनाथ मुलं पाहून परत येईना. २००२ मध्ये कुपवाड्यात त्याने मुलींसाठी पहिलं घर काढलं. बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशनची ती घरं 'बसेरा-ए-तबस्सुम' या नावाने ओळखली जातात. पुढे जम्मूत विस्थापित पंडित कुटुंबांच्या मुलींसाठीही घर झालं. पुण्यात संजय नहार यांच्या 'सरहद' संस्थेने काश्मीरमधली मुलं आणून शिकवली, मोठी केली. दोघांच्याही कामात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते की ही माणसं एकदा भेट देऊन, कपडे वाटून, फोटो काढून परतली नाहीत, वर्षानुवर्षं त्या मुलांजवळ राहिली. तुम्हाला पैसे द्यायचे असतील तर असे द्या की एका पोराची दहावी पूर्ण होईल. पन्नास जणांना एकेक वही वाटण्यापेक्षा एका मुलीची चार वर्षांची फी, पुस्तकं आणि प्रवास उचला. आणि निर्माणीच्या वसाहतीत परप्रांतातून आलेलं, अशा प्रदेशातून आलेलं एखादं कुटुंब असेल तर त्यांच्या पोराला आधी घरी जेवायला बोलवा.

शेवटचं काम गावाने एकत्र करायचं आहे. गणेशोत्सव, मोहरम, रामनवमी, ईद आली की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. मिरवणुकीचा रस्ता ठरतो, वेळ ठरते, डीजेचा आवाज ठरतो. पोरांचा विषय तिथे सहसा निघत नाही. येत्या बैठकीला प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकांना बोलवा अशी मागणी आपण करू, मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी सगळ्या शाळांच्या. त्यांनी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. गडबड झाली आणि पोरं शाळेत असतील तर ती घरी कोण पोहोचवणार आणि कुठल्या रस्त्याने. कुठल्या गल्लीतलं कुठलं घर पोरांसाठी उघडं राहील, दोन्ही समाजांतलं. आणि संचारबंदी उठल्यावर किती तासांत शाळा भरेल. हाच विषय शाळा व्यवस्थापन समितीतही मांडा. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात, त्यामुळे तिथे हा विषय मांडायला तुम्हाला कुणाची परवानगी लागणार नाही. पुढच्या पालकसभेची तारीख मुख्याध्यापकांना विचारा, शेजारच्या दोन आयांना सोबत घ्या, आणि गल्लीतल्या उघड्या राहणाऱ्या घरांची नावं कागदावर लिहूनच जा.